अमळनेर–नंदुरबार : रोज अपडाऊन करायचं की रूम घ्यायची? एका घराचं प्रकरण

प्रकरण माझ्या भाच्याच्या घरचं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय, नावं तेवढी बदललीत. भाचा योगेश, भाचेसून वैशाली, मुलगी चिऊ, ती तेव्हा साडेचार वर्षांची, आणि माझी मोठी बहीण, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. घर अमळनेरला, स्वतःचं. योगेशचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटरी जळतात त्या तो बांधून देतो. गिऱ्हाईक सगळं आजूबाजूच्या खेड्यांतलं आणि वर्षानुवर्षांचं, म्हणजे हे दुकान उचलून दुसऱ्या गावात लावता येत नाही, तिथे पुन्हा शून्यापासून सुरुवात. रब्बीत पाणी भरायच्या दिवसांत तर रात्री दहापर्यंत माणूस दुकानातच असतो.

वैशालीने लग्नानंतर घर सांभाळून स्पर्धा परीक्षा दिल्या आणि राज्य सरकारच्या एका ऑफिसात लिपिक म्हणून लागली. पोस्टिंग नंदुरबार. मूळ पगार १९,९००. घरात पेढे वाटून झाले, ऑर्डर फ्रेम करायची का यावर पण चर्चा झाली, पण जायचं-यायचं कसं यावर कुणी एक शब्द बोललं नाही, कारण सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की अपडाऊन करेल.

आपल्याकडे हे असंच आहे. भुसावळ-जळगाव, पाचोरा-जळगाव, चाळीसगाव-धुळे, अर्धा खानदेश अपडाऊनवर नोकऱ्या करतो. मी स्वतः बँकेत असताना चाळीसगाव-धुळे केलंय. पण भुसावळ-जळगाव चोवीस-पंचवीस किलोमीटर, गाडी अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते, आणि एक चुकली तर मेन लाईन आहे, मागून दुसरी येतेच. अमळनेर-नंदुरबार नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, ती सुरत लाईन, आणि तिथे एक गाडी चुकली की पुढची कधी हा प्रश्न. दोन्हीला आपण अपडाऊनच म्हणतो म्हणून ते सारखंच वाटतं. रेल्वे दीडशे किलोमीटरपर्यंत महिन्याचा पास देते, त्यामुळे कागदावर हे अंतर आरामात बसतं, आणि लोकांचा हिशोब असा की पास मिळतो ना, मग जमतं.

तिचा दिवस कसा होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. पहाटे साडेचारला उठणं. स्वयंपाक, तिघांचे डबे, चिऊची वेणी ती झोपेत असतानाच घालायची (हे मी पाहिलंय, पोरगी झोपलेली आणि आई उशीवरच वेणी घालतेय). पावणेसातला घरातून निघायचं, योगेश गाडीवर स्टेशनला सोडायचा. बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, रनाळा करत नंदुरबार, तिथून शेअर रिक्षा, नऊ-साडेनऊला ऑफिस. संध्याकाळी सव्वासहाला सुटायचं, पळत स्टेशन, आणि सगळं सुरळीत असेल तर साडेआठ-पावणेनऊला घर. म्हणजे चौदा तास घराबाहेर, त्यातले जेमतेम साडेआठ कामाचे.

इथे पाच दिवसांच्या आठवड्याचा विषय येतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला, शनिवार-रविवार सुट्टी, आणि त्याची भरपाई म्हणून वेळ झाली सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. सगळे खुश झाले आणि व्हायलाच पाहिजे होते. पण लांबून येणाऱ्याला तो संध्याकाळचा वाढलेला वेळ बरोबर गाडीच्या वेळेवर येऊन बसतो, साहेबांनी दहा मिनिटं एखादी फाईल काढायला लावली की गेली गाडी. उलट याच पाच दिवसांच्या आठवड्यामुळे रूम करून राहणं सोपं झालंय, आणि हे मात्र कुणी मोजत नाही. सोमवारी सकाळी गेलं आणि शुक्रवारी संध्याकाळी आलं तर बाहेर किती राहणं होतं? लोक म्हणतात आठवडाभर. मोजा तर चार रात्री, घरी तीन. योगेशला मी हे बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, मी तर ही आता सणावारालाच घरी येईल असं धरून बसलो होतो."

आता पैसे. यावर घरात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि खरं सांगायचं तर यातून काहीच ठरलं नाही. रेल्वेचा पास इतका स्वस्त आहे की त्याच्यापुढे कुठलीही रूम महागच दिसणार, आणि तिमाही काढला तर तीन महिन्यांना दोन पूर्णांक सात दशांश महिन्यांचेच पैसे लागतात. एसटीचं गणित जरा मजेशीर आहे. एसटीचा मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास. ऐकायला भारी, पण पाच दिवसांच्या आठवड्यात महिन्याला ऑफिसच एकवीस-बावीस दिवस असतं, म्हणजे फायदा एक-दोन दिवसांचा, आणि दोन-तीन रजा पडल्या की तोटा. तिमाहीत पन्नास दिवसांचं भाडं भरून नव्वद दिवस, तिथे थोडं तरी सुटतं. त्यात १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा वैशालीने रोज साधं तिकीट काढलं तरी बावीस दिवसांचे अकराच दिवसांचे पैसे होतात, पासाच्या भानगडीत पडायचं कारणच नाही. पण एसटीने रोज एवढं अंतर म्हणजे कंबरेचं काम तमाम, ती फक्त गाडी चुकल्यावरची सोय.

रूमकडे बघितलं तर घरभाडे भत्ता आहे. नंदुरबार सगळ्यात खालच्या वर्गात येतं, मूळ पगाराच्या दहा टक्के, म्हणजे तिला १,९९०. चौकशी केली तर बऱ्या वस्तीत एक खोली, संडास-बाथरूम आत, तीन-साडेतीन हजार. मेसचा डबा वेगळा. आक्काचं म्हणणं होतं की इतके पैसे घालून पोरगी परगावी एकटी राहणार, तर मग नोकरी कशाला. योगेश बरोबर उलट बोलला, नोकरी टिकवायची असेल तर ते पैसे नोकरीचाच खर्च धरा. मला दोघांचं पटत होतं, म्हणून मी त्यांना म्हटलं पैशाची वही बंद करा, दुसरी वही काढा.

ती दुसरी वही म्हणजे वेळेची. घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या नोंदी करतात तिथेच, योगेशने रोज लिहायला सुरुवात केली, ही घरात किती वाजता शिरली. फक्त तेवढंच. दीडेक महिन्याच्या नोंदी झाल्या तेव्हा आम्ही बसलो. बहुतेक दिवस पावणेनऊ-नऊ, म्हणजे ठीकच. सरासरी काढली असती तर सव्वानऊच्या आत आली असती आणि सगळे म्हणाले असते की चाललंय की. पण मधे एक आठवडा होता पावसाचा, त्यात सोमवारी दहा, मंगळवारी साडेनऊ, बुधवारी गाडी चुकली म्हणून एसटीने रात्री साडेअकरा, गुरुवारी अंगात ताप आणि रजा, शुक्रवारी सकाळी गाडी लेट म्हणून लेटमार्क. वर्षाला किरकोळ रजा आठ. एका आठवड्यात एक गेली, आणि लेटमार्क साठले की ते पण त्या आठातूनच कापले जातात. चिऊ आजारी पडली तर लागणाऱ्या रजा अशा गाडीपायी संपणार.

माझं पहिल्यापासून मत हेच आहे की लांबच्या अपडाऊनचा निर्णय सरासरीवर घेऊ नये, सगळ्यात वाईट आठवडा घ्यावा आणि विचारावं की असे वर्षात पाच-सहा आठवडे आले तर हे घर ते झेलेल का. कारण चांगल्या दिवशी काय, कुठलाही पर्याय चालतोच. आणि वाईट आठवडे येणारच. सुरत लाईनला दुहेरीकरण झाल्यापासून क्रॉसिंगसाठी ताटकळणं कमी झालंय हे खरं, पण मालवाहतूक पण भरपूर आहे त्या लाईनवर. मे २०२५ मधे अमळनेर स्टेशनजवळच मालगाडी घसरली तेव्हा अख्खी लाईन विस्कळीत झाली, आणि अशा वेळी अपडाऊनवाल्याला कुणी विचारत नाही की तू आज घरी कसा जाणार. त्यात मे महिना म्हणजे आपल्याकडे त्रेचाळीस-चव्वेचाळीस तापमान, दुपारभर तापलेला डबा संध्याकाळी सातला पण भट्टीच असतो.

अपडाऊनच्या बाजूने पण बोललं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. गाडीतला बायकांचा ग्रुप ही वैशालीसाठी मोठीच गोष्ट होती. दोंडाईच्याला चढणाऱ्या दोन शिक्षिका, एक नर्स, शिंदखेड्याची एक तलाठी. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यावर सकाळपासून "गाडी कुठेय", "नरडाणा सोडली", "जागा धरलीय ये". गाडीतच मेथी निवडणं होतं, संक्रांतीला हळदीकुंकू होतं, नवीन सुनेला सासूशी कसं बोलायचं याची ट्रेनिंग पण तिथेच. वैशाली म्हणायची, "मामा, दिवसभरात माझा स्वतःचा वेळ तेवढाच आहे, ऑफिसात साहेबांचा आणि घरात सगळ्यांचा." हे मी हलक्यात घेतलं नाही. रूम घेतली की हा ग्रुप सुटणार होता, आणि नवीन गावात संध्याकाळी सात ते दहा एकटीने भिंतीकडे बघत बसणं कसं असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

शिवाय मुख्यालयाचा विषय. भत्ता घेता तर तिथे राहा, हे म्हणणं सरकारी नोकरीत नेहमीच डोक्यावर असतं. २०२२ मधे आमदार प्रशांत बंबांनी शिक्षकांच्या मुख्यालयी राहण्याचा प्रश्न लावून धरला तेव्हापासून तर गावोगावी लोक मास्तर राहतो का जातो हे बघायला लागले. वैशालीच्या ऑफिसात कुणी तसं टोकलं नव्हतं, पण निवडणुकीचं काम किंवा अधिवेशनाची माहिती असली की रात्री आठपर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हा "मॅडमची गाडी आहे, त्यांना सोडा" हे वाक्य ऐकून घ्यावं लागतं. प्रोबेशनवर असलेल्या माणसाला ते वाक्य बोचतं.

आता चिऊ. खरा प्रश्न इथे होता आणि सगळे त्याच्या आजूबाजूला फिरत होते. मी वैशालीला विचारलं, अपडाऊन करतेस तर चिऊ तुला जागी किती वेळ भेटते? तिने विचार केला. सकाळी ती झोपलेली. रात्री पावणेनऊला आल्यावर हातपाय धुऊन जेवायला बसेपर्यंत सव्वानऊ, साडेनऊला चिऊ पेंगायला लागते. म्हणजे रोजचा पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात पण आई अर्धी झोपलेली आणि चिडलेली. सोमवार ते शुक्रवार मिळून चार तास पण नाहीत. एवढ्या चार तासांसाठी एक माणूस आठवड्याला वीसेक तास गाडीत आणि फलाटावर घालवतंय. हे मांडल्यावर मला वाटलं मुद्दा संपला.

तर आक्का भाकरी थापता थापता बोलली, "घर मी सांभाळसू, पन रातले पोरगी उठस तव्हय तिले माय लागस." आणि हे खरं होतं, चिऊ रात्री दोनदा-तीनदा उठायची, आई शेजारी आहे हे हाताने चाचपायची आणि परत झोपायची. ते तास आमच्या कुठल्याच वहीत नव्हते, कारण आम्ही फक्त जागेपणीचे मोजत होतो. आक्काचे गुडघे गेलेले, रात्री पोर उचलून घेणं तिच्याने होत नाही, आणि योगेशची झोप अशी की वर ढोल वाजवला तरी उठत नाही.

मग पर्याय मांडले. सगळ्यांनीच नंदुरबारला जायचं आणि योगेशने उलटं अपडाऊन करायचं, हा पर्याय दहा मिनिटांत बाद, दुकान सकाळी आठला उघडावं लागतं, शेतकरी मोटर घेऊन सकाळीच येतो. दोंडाईच्याला घर करायचं, म्हणजे दोघांना अर्धं अर्धं, हा योगेशच्या मित्राने सुचवला, ऐकायला हुशार वाटतो पण त्यात दोघंही प्रवासात आणि आक्का नव्या गावात, म्हणजे तिघांचं नुकसान. चिऊला घेऊन वैशालीने नंदुरबारला राहायचं, तर दिवसभर पोरगी पाळणाघरात, आणि घरची आजी इकडे रिकामी. बदली करून घ्यायची? तिचा संवर्ग विभागीय, नाशिक विभागातल्या पाच जिल्ह्यांत कुठेही जाऊ शकते, पण बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने एका पदावरचा साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, आणि नवीन लागलेल्या माणसाने पहिल्याच वर्षी अर्ज केला तर फाईल बाजूला पडते. पती-पत्नी एकत्रीकरण, म्हणजे नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नेमणूक द्यायची सोय, दोघं सरकारी नोकरीत असतील तर कामाला येतं, मोटर बांधणाऱ्या नवऱ्याचा त्यात उपयोग नाही. पण यातून एक गोष्ट बरी झाली, प्रश्न जन्माचा नाही, तीनेक वर्षांचा आहे हे सगळ्यांना दिसलं.

मी सरळ चार रात्रींच्या बाजूने होतो. वैशाली नव्हती. तिने स्वतःच तोडगा काढला आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता: सोमवारी सकाळी जायचं, सोमवार-मंगळवार रात्र नंदुरबार, बुधवारी संध्याकाळी घरी, गुरुवारी सकाळी परत, गुरुवार रात्र तिकडे, शुक्रवारी घरी. तीन रात्री बाहेर, सलग दोनपेक्षा जास्त नाही. आठवड्याला दहा फेऱ्यांच्या जागी चार. चिऊला बोटांवर सांगता येतं, "दोन झोपा आणि मम्मी." साडेचार वर्षांच्या पोराला शुक्रवार कळत नाही, दोन झोपा कळतात.

रूम तिने ऑफिसच्याच ओळखीने चाळीसगावच्या एका नर्सबरोबर अर्ध्या भाड्यात घेतली, त्यामुळे घरभाडे भत्त्यात भाडं बसून वर थोडे उरतात पण. पहिली रूम सोडावी लागली. ती बाजारपेठेच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्यांच्या बाजूला होती, नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे हे सगळ्यांना माहीत असतं पण हिवाळ्यात ती वाळत पडल्यावर वारा त्या बाजूने आला की रात्रभर ठसका, हे भाडं ठरवताना कोण सांगतं. दुसरी स्टेशनपासून चालत अंतरावर मिळाली, तीनशे जास्त, पण रिक्षाचे वाचतात.

पहिला महिना वाईट गेला हे लपवत नाही. चिऊ मंगळवारी रात्री हमखास रडायची, योगेशला उठायची सवय लागायला वेळ लागला, आणि फोनवर व्हिडिओ कॉल केला की पोरगी जास्त रडते हे लक्षात आल्यावर त्यांनी रात्रीचा कॉल बंद करून सकाळचा केला, शाळेला जायच्या आधी पाच मिनिटं, त्याने फरक पडला. मेसचा डबा तिला जमेना, तिथल्या भाजीत तेल आणि तिखट इतकं की पोट धरून बसायची, मग आक्काने खिचडीचा मसाला, बिबडे, कळण्याचं पीठ असं बांधून दिलं आणि दोघी मिळून छोटा गॅस घेऊन करायला लागल्या. लेटमार्क जवळजवळ बंद झाले. आणि रात्री आठपर्यंतचं काम आलं तर ती आता स्वतःहून सोमवार-मंगळवारवर घेते, बुधवारी साहेब तिला थांबवत नाहीत.

एक फटका अनपेक्षित होता. गाडीतल्या ग्रुपमधे ती आता पाहुणी झालीय. आठवड्यातून दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी भेट, तेवढ्यात अर्ध्या गोष्टी होऊन गेलेल्या असतात, या वर्षीच्या हळदीकुंकवाचा दिवस तिच्या रूमच्या दिवसात आला. हे ती हसत सांगते, पण दोनदा सांगितलंय. दुसरं म्हणजे घरातलं काम कुणाकडे गेलं हे बघितलंच पाहिजे. आधी साडेचारला उठून ती करायची, आता तीन सकाळी आक्का करते. गुडघे तिचेच. एक बाई स्वयंपाकाला लावा म्हणून मी आणि वैशाली मागे लागलोय, आक्का म्हणते माझ्या चुलीवर परकं माणूस नको. योगेश भांडी घासतो, चिऊचा डबा भरतो, त्यात पोळी-साखर सोडून काही नसतं असं चिऊच सांगते.

रेल्वेचा पास तिने चालूच ठेवलाय, चार फेऱ्यांना सुटी तिकिटं काढली असती तरी चाललं असतं, पण पास खिशात असला की मधेच कधी पोरीला ताप आला तर खिडकीवर रांग न लावता गाडीत बसता येतं, आणि असं एकदा झालंही. ही मांडणी त्यांनी मे महिन्यापर्यंत ठरवलीय. जूनमधे चिऊ पहिलीत जाते, शाळा सकाळची होणार, म्हणजे तिला उठवून तयार करायचं काम तीन दिवस योगेशवर, तेही पेरणीच्या आधी मोटरी दुरुस्तीला यायच्या दिवसांत. तेव्हा गुरुवारची रात्र सोडून गुरुवारी-शुक्रवारी अपडाऊन करायचं का, यावर वैशालीचं मत हो आहे, माझं नाही, आणि योगेश म्हणतो आधी पोळी करायला शिकू द्या.